८० डॉलरचा पास, शून्य डॉलरची परमिटं

बेत सोपा होता. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून निघायचं, टायोगा रोडने योसेमिटी राष्ट्रीय उद्यान ओलांडून सिएरा नेवाडा डोंगरांच्या पूर्वेला उतरायचं आणि रात्र अलाबामा हिल्समध्ये तंबूत काढायची. शनिवारी ओनियन व्हॅलीतून केअरसार्जची खिंड चढायची, पलीकडच्या तळ्यांपाशी दोन रात्री राहायचं, सोमवारी खाली. चढणारे आम्ही सहा जण: मित्र, वहिनी, मित्राचा धाकटा भाऊ, ओळखीतलं एक जोडपं आणि मी. शिवाय पुण्याहून आलेले मित्राचे आई-बाबा, म्हणजे आमचे काका-काकू. ते लोन पाइन गावात मोटेलात थांबणार होते. गाड्या दोन.

कागदपत्रांचा विषय मित्राने एका वाक्यात मिटवला. "अरे, वार्षिक पास घेतलाय ना, ८० डॉलरचा. आता सरकारी जमिनीवर कुठेही तंबू ठोका." पासाचं नावही तसंच भव्य: 'अमेरिका द ब्युटिफुल'. कुणालाही वाटेल की सगळी अमेरिका यात आली.

प्रत्यक्षात तो पास आम्ही चार दिवसांत एकदाच दाखवला, योसेमिटीच्या पश्चिमेकडच्या बिग ओक फ्लॅट नाक्यावर, आणि तोही नुसतं पलीकडे जाण्यासाठी. त्याच चार दिवसांत अलाबामा हिल्सचं परमिट, स्टोव्ह पेटवायचं परमिट, रानात मुक्कामाचं परमिट आणि एका कॅम्पग्राउंडचं भाडं, असे चार वेगळे हिशेब समोर आले. त्यांपैकी एकालाही पास चालला नाही. हे प्रकरण लिहायचं कारण तेच. आपल्याकडे 'पास' म्हटलं की लोकलचा किंवा एसटीचा पास डोळ्यांपुढे येतो. पण लोकलचा पास काढला म्हणून खिडकीची जागा राखून ठेवलेली नसते, हे आपण विसरतो.

पास नेमका कशाचा

सार्वजनिक जमिनींवर शुल्क कुठे आणि कशाचं घ्यायचं, हे २००४ च्या एका संघीय कायद्याने ठरतं. वार्षिक पासात दोनच गोष्टी येतात: प्रवेशशुल्क, आणि पार्किंग, स्वच्छतागृह, कचरापेटी, माहितीफलक, पिकनिकची टेबलं अशा मूलभूत सोयींचं शुल्क. कॅम्पसाइटचं भाडं, बोट उतरवण्याचं शुल्क आणि खास परवाने त्याच्या बाहेर राहतात. राज्यांच्या उद्यानांत तर तो चालतच नाही, कारण ती संघीय जमीन नव्हे.

आणि जिथे गाडीमागे शुल्क असतं, तिथे एक पास म्हणजे एक गाडी. नाक्यावर पहिली गाडी पासावर गेली, दुसरीला ३५ डॉलर भरावे लागले. मित्राचं म्हणणं, "पण आम्ही एकत्रच आहोत." नाक्यावरची बाई हसली आणि तिने कार्ड मागितलं.

काकांचा मुद्दा वेगळाच होता. एसटीत अर्धं तिकीट मिळतं, तर इथे ज्येष्ठ नागरिकांना काही नाही का? आहे, आणि उत्तम आहे. वयाची ६२ वर्षं पूर्ण झाली की ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा पास मिळतो, वर बऱ्याच संघीय कॅम्पग्राउंडांवर अर्धी सवलत. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तर तो १० डॉलरला मिळायचा. पण तो नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर आलेले काका वयाने बसत होते, कागदाने नाही.

आमची ही सहल आधीची. १ जानेवारी २०२६ पासून पाहुण्यांच्या बाबतीत हिशेब आणखी बदलला आहे. अमेरिकेतल्या रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरवरच राहिला, पण बाहेरून आलेल्यांसाठी तो २५० डॉलरचा झाला. योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन धरून ११ उद्यानांत असा पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त. आई-वडील येणार असतील तर हे तिकिटं काढतानाच पाहून ठेवायला हवं. नाक्यावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, हा हिशेब सुचत नाही.

शुक्रवारची रात्र

लोन पाइनला पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. काका-काकूंना मोटेलात सोडलं आणि आम्ही हिल्सकडे वळलो. गोल गुळगुळीत खडकांचं जंगल आणि मागे माउंट व्हिटनीची रांग. जुने काउबॉयपट इथेच चित्रित झाले, त्यामुळे आतल्या रस्त्याचं नावच मूव्ही रोड. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, बोलीभाषेत बीएलएमची. बीएलएमकडे देशभर सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, आणि बऱ्याच ठिकाणी 'या, मुक्काम करा, निघताना काही मागे ठेवू नका' एवढाच नियम असतो. एका जागी साधारण १४ दिवस राहता येतं, मग हलायचं. मित्राने वाचलं होतं ते हेच, आणि त्यात चूक काही नव्हती.

फक्त ते अलाबामा हिल्सला लागू नव्हतं. २०१९ साली या भागाला राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्राचा दर्जा मिळाला. गर्दी इतकी वाढली होती की गाड्या झुडपांवरून जात होत्या आणि कुठल्याही खडकाआड शौचाचे कागद. आता मुक्काम फक्त ठरवून दिलेल्या, खूण केलेल्या जागांवर, आणि त्यासाठी ऑनलाइन परमिट. किंमत शून्य. परमिट आम्ही गावातल्या नेटवर्कवर दहा मिनिटांत काढलं. पण ते हातात असणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. शुक्रवारी रात्री एकही जागा रिकामी नव्हती. प्रत्येक खुणेपाशी एकेक तंबू आणि दिवा, वर तारे, आणि आम्ही गाडीत.

इथे आमच्याकडून खरी चूक झाली. गावाच्या पूर्वेला ओवेन्स नदीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर सपाट, मोकळी जागा दिसली. कुंपण नाही, घर नाही, पाटी दिसली नाही. "हीसुद्धा सरकारीच असणार," असं म्हणून तंबू ठोकले. पहाटे साडेपाचला एक पिकअप आली. माणूस सभ्य होता, दंड केला नाही, पण सांगितलं: ही जमीन लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्याची आहे, इथे रात्रीचा मुक्काम चालत नाही, आवरा.

लॉस एंजेलिस तिथून ३०० किलोमीटरपेक्षा दूर. तरी या खोऱ्याच्या तळातली लाखो एकर जमीन त्या शहराच्या मालकीची आहे, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने पाण्यासाठी इथली शेतं विकत घेतली आणि १९१३ साली कालव्याने ओवेन्सचं पाणी दक्षिणेला नेलं. गवत, नदी, दूरवर गुरं: दिसायला गायरान, मालक एक महानगर. मोकळी जमीन आणि सार्वजनिक जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सार्वजनिक असली तरी कुणाच्या ताब्यातली, हा तिसरा प्रश्न.

याचं उत्तर आमच्या फोनमध्येच होतं. जमिनीची मालकी रंगांनी दाखवणारे नकाशे मिळतात: पिवळा म्हणजे बीएलएम, हिरवा म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, पांढरा म्हणजे खासगी. आम्ही ते उघडले शनिवारी सकाळी, कॉफी पिताना. आमचे तंबू पिवळ्यात नव्हते, हिरव्यातही नव्हते.

परमिट माणसाचं असतं

खरा पेच मात्र गुरुवारीच पडला होता. तो आधी सांगायला हवा होता, पण शुक्रवारची फजिती डोक्यात जास्त ताजी आहे.

केअरसार्जची वाट इन्यो राष्ट्रीय वनात सुरू होते आणि लगेच जॉन म्युअर विल्डरनेसमध्ये शिरते. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली राखलेलं हे रान आहे. तिथे रस्ता नाही, इंजिन नाही, आणि एका दिवशी एका वाटेने किती माणसं मुक्कामाला आत जाणार यावर उन्हाळ्यात मर्यादा असते. दिवसभर चालून परत यायला परमिट लागत नाही. रात्र काढायची असेल तर वर्षभर लागतं. वाटेचा कोटा दोन हप्त्यांत खुला होतो: ६० टक्के जागा सहा महिने आधी, उरलेल्या ४० टक्के दोन आठवडे आधी, सकाळी सातला. दर आरक्षणाला ६ डॉलर आणि माणशी ५.

सहा महिने आधी आम्हाला बेतच सुचला नव्हता. दोन आठवडे आधी मात्र धाकट्या भावाने अलार्म लावला, सातच्या ठोक्याला सहा जागा पकडल्या आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. त्या आरक्षणात गटाचा नेता म्हणून त्याचं नाव होतं. पर्यायी नेत्यांचा रकाना त्याने रिकामा सोडला. घाईत कोण भरतं?

गुरुवारी संध्याकाळी त्याला १०२ ताप.

"काय झालं? परमिट आहे ना, आपण जाऊ," असं जोडप्यातला नवरा म्हणाला. पण नियम स्पष्ट आहे. परमिटावरचा नेता किंवा आधी नोंदवलेला पर्यायी नेता गटाबरोबर चालत असलाच पाहिजे. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विकता येत नाही, भावाला देता येत नाही. आणि आरक्षणाची ई-मेल म्हणजे परमिट नव्हे, हे त्या ई-मेलमध्येच लिहिलेलं असतं. मित्राने फोन करून विचारलं. पलीकडून शांतपणे हेच उत्तर.

मला हा नियम आधी जाचक वाटला. विचार केल्यावर पटला. नाव बदलण्याची मुभा ठेवली तर सातच्या ठोक्याला दहा-दहा परमिटं पकडून विकणारे उभे राहतील, रेल्वेच्या तत्काळ तिकिटांच्या दलालांसारखे. ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. शिवाय रानात कुणी हरवलं तर शोधणाऱ्यांच्या हातात पहिला कागद तोच येतो. त्यावरचा माणूस सॅन होजेत अंथरुणावर पडलेला असेल तर शोध सुरू कुठून करायचा?

मित्राची पुढची शक्कल: भावाने आरक्षण रद्द करायचं आणि सुटलेल्या जागा त्याच क्षणी आपण उचलायच्या. करून पाहिलं. पण सुटलेली जागा यादीत कधी दिसेल, आणि दुसरं कोणी आधी झडप घालेल का, यावर आपला ताबा नसतो. आमच्या स्क्रीनवर शनिवार शून्यच राहिला. तरी रद्द केलं ते बरंच झालं, नाहीतर सहा जागा नुसत्या अडून पडल्या असत्या.

वाट सापडली ती वहिनींना. त्या म्हणाल्या, "सगळे शनिवारच का बघताय? रविवार बघा." रविवारी आत जाण्याच्या चार जागा शिल्लक होत्या. परमिटावर आत शिरण्याची तारीख आणि वाट पक्की असते. बहुतेकांना शनिवार हवा असतो, म्हणून रविवारी गर्दी ओसरते. वहिनींनी स्वतःच्या नावावर चार जागा घेतल्या, पर्यायी नेता म्हणून नवऱ्याचं नाव घातलं, २६ डॉलर भरले. दोन रात्रींची एक रात्र झाली, पाचांतले चार जाणार. पाचवा मी. गुडघा माझा तसाही कुरकुरत होता, त्यामुळे त्याग वगैरे म्हणायचं कारण नाही.

शनिवार

मधली रात्र आता नव्याने शोधायची होती. सकाळी लवकर हुसकावले गेलो त्याचा एक फायदा झाला: टटल क्रीक या बीएलएमच्या कॅम्पग्राउंडवर लोक आवरून निघत असतानाच आम्ही पोचलो. जो आधी येईल त्याची जागा. पैसे लिफाफ्यात घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचे, पावतीचा तुकडा खांबाला अडकवायचा. त्या नळकांड्याला इकडे गमतीने 'आयर्न रेंजर' म्हणतात. मित्राने सवयीने पास पुढे केला, पण पुढे माणूसच नव्हता. पाटीवर भाड्याच्या सवलतीसाठी ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या पासांचा उल्लेख होता. साध्या वार्षिक पासाचा नाही.

मग लोन पाइनच्या दक्षिणेचं माहिती केंद्र. त्याच्या नावातच 'इंटरएजन्सी' आहे, म्हणजे एका छपराखाली अनेक खाती. खरं तर सहलीची सुरुवात इथून करायला हवी होती. बीएलएम आणि राष्ट्रीय उद्यानं सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या 'इंटिरिअर' खात्याकडे. फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून कृषी खात्याकडे. आपल्याला डोंगर एकच दिसतो, पण त्यावर मंत्रालयं दोन. केअरसार्जची खिंड ओलांडली की किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान लागतं, म्हणजे खातं बदलतं. तिथे मात्र दुसरं परमिट लागत नाही. वाट जिथे सुरू होते त्या खात्याचं परमिट पुढच्या हद्दीतही चालतं. चार दिवसांत शहाणपणाचा वाटलेला हा पहिला नियम.

आगीचं प्रकरण तिथेच कळलं. कॅलिफोर्नियात संघीय जमिनीवर शेकोटीच नव्हे, साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही 'कॅम्पफायर परमिट' लागतं. ऑनलाइन छोटी प्रश्नमंजूषा सोडवली की फुकट मिळतं, ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. नावामुळे घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. चहापुरता स्टोव्ह नेणाऱ्याला वाटतं, आपल्याला काय करायचंय. परमिट काढलेल्याला वाटतं, आता शेकोटी करता येईल. जोडप्याने गाडीत लाकडांचे दोन गठ्ठे आणले होते. पण आगबंदी लागू होती, आणि बंदी आली की परमिट असूनही ठरवलेल्या कॅम्पग्राउंडांबाहेर लाकडं पेटवता येत नाहीत. झडपेने बंद करता येणारा स्टोव्ह तेवढा चालतो, तोही परमिट असेल तर. वर केअरसार्जच्या तळ्यांपाशी लाकडाची आग कायमच मना आहे. गठ्ठे गाडीतून फिरून परत आले.

अस्वलांसाठीचा डबा, बेअर कॅनिस्टर, तिथेच भाड्याने मिळाला. या वाटेवर तो सक्तीचा आहे. जाड, गुळगुळीत पिंप, अस्वलाला पंजा अडकवता येत नाही असं. खाणंच नव्हे, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वास येणारं सगळं आत. वहिनींनी चिवडा काढून टाकला आणि दाण्याचे लाडू आत ठेवले. चिवड्यात निम्मी हवा असते, डब्यात हवेला जागा नाही.

वर आणि खाली

रविवारी चौघे ओनियन व्हॅलीतून, ९,२०० फुटांवरून निघाले. खिंड साधारण ११,७६० फुटांवर, सुमारे पाच मैल. मी काका-काकूंना घेऊन वाटेच्या तोंडापर्यंत गेलो होतो. काकांनी पाटी वाचली, 'केअरसार्ज पास', आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा तरी आपल्या पासात येतो का?"

नावाची गोष्ट त्यांना दुपारी सांगितली. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडची 'अलाबामा' नावाची युद्धनौका उत्तरेची जहाजं बुडवत सुटली होती. तिच्या कौतुकापोटी दक्षिणेच्या बाजूच्या खाणवाल्यांनी त्या खडकांना नाव दिलं अलाबामा हिल्स. १८६४ मध्ये उत्तरेच्या 'केअरसार्ज'ने ती नौका बुडवली, तेव्हा उत्तरेच्या बाजूच्यांनी आपल्या खाणीला आणि वरच्या खिंडीला केअरसार्ज नाव देऊन उट्टं काढलं. काका खूश. मग आम्ही मांझनारला गेलो, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना जिथे डांबलं होतं ती छावणी. तिथे प्रवेशशुल्क नाही, म्हणजे पासाचा प्रश्न नाही.

वरची रात्र त्यांना छान गेली. केअरसार्ज लेक्सला एका रात्रीपेक्षा जास्त राहता येत नाही, हे तिथे भेटलेल्या दुसऱ्या गटाने सांगितलं. म्हणजे आमच्या मूळ बेतातली दुसरी रात्र त्याच तळ्यापाशी झालीच नसती. खाली येताना एका वनरक्षक मुलीने परमिट पाहिलं, नाव विचारलं, वहिनींचं ओळखपत्र पाहिलं, डबा आहे का ते पाहिलं. दोन मिनिटांचं काम. भावाच्या नावाचा कागद हातात असता तर ही दोन मिनिटं कशी गेली असती, यावर परतीच्या गाडीत बराच वेळ चर्चा झाली.

परत आलो ते सोनोरा पास या दुसऱ्या खिंडीतून. त्या रस्त्यावर नाकाच नाही.

घरी आल्यावर मित्राने हिशेब मांडला. पास ८० डॉलर, त्यातून वाचले योसेमिटीचे ३५. दोन फुकट परमिटं, आणि त्यांच्याशिवाय ना तंबू ना चहा. पास वाया गेला असं तो म्हणत नाही, कारण वर्ष अजून बाकी आहे आणि डेथ व्हॅलीत गाडीमागे ३० डॉलर लागतात. मला वाटतं हिशेब मांडण्याची जागाच चुकली. पैशांवरून परवानगीचा अंदाज येत नाही. या सहलीत सगळ्यात महाग कागद सगळ्यात कमी उपयोगाचा होता.

धाकटा भाऊ बरा झाला. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याने यंदा सहा महिने आधीच अलार्म लावला, आणि या वेळी स्क्रीनशॉटमध्ये पर्यायी नेत्याचा रकाना भरलेला होता. पहिलं नाव वहिनींचं.